एक सप्टेंबरला फोन वाजलाच नाही: भाचीच्या सॉफ्टबॉल भरतीचं प्रकरण

३१ ऑगस्ट २०२४, शनिवारची रात्र. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला ताईच्या घरी आम्ही सगळे डायनिंग टेबलाभोवती बसलेलो आणि मधोमध भाचीचा फोन, चार्जिंगला लावलेला, आवाज फुल. ताईने पेढ्यांचा डबा आणून ठेवला होता, उघडला नव्हता. बारा वाजले की एक सप्टेंबर लागणार, भाची अकरावीत म्हणजे इथल्या भाषेत ज्युनियर इयरला, आणि नियम असा की सॉफ्टबॉलमध्ये डिव्हिजन वनच्या (कॉलेजच्या खेळांतला सगळ्यात वरचा गट, त्याखाली टू आणि थ्री) कोचला मुलीशी थेट बोलायची परवानगी ज्युनियर वर्षाच्या एक सप्टेंबरपासूनच मिळते, त्यामुळे त्या रात्री बाराच्या ठोक्याला देशभरातल्या चांगल्या चांगल्या मुलींचे फोन वाजायला लागतात.

बारा वाजले. साडेबारा झाले. एकच्या सुमारास फोन वाजला आणि आम्ही सगळे खुर्चीतून उठलो, तर तिच्या टीममधल्या पिचर (बॉल फेकणाऱ्या) मुलीचा मेसेज, तिला तोवर तीन कॉलेजांचे फोन येऊन गेले होते आणि चौथा चालू होता. भाचीने तिला हार्ट पाठवलं, फोन उलटा ठेवला, म्हणाली, "मामा, तू जा आता घरी, उद्या डबलहेडर आहे." (म्हणजे लागोपाठ दोन मॅच.) पेढे दुसऱ्या दिवशी मीच ऑफिसला नेले, खोटं कारण सांगून.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे गेल्या दीड वर्षात बे एरियातल्या सात-आठ मराठी घरांतून मला विचारणा झाली, की तुमच्या भाचीचं कसं जमलं, आमची पण खेळते. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच सगळं सविस्तर लिहितो, चुकांसकट, आणि चुका बऱ्याचशा माझ्या आहेत.

आधी थोडी पार्श्वभूमी. ताई जळगावची, म्हणजे आम्ही दोघंही, आणि जळगावात शाळेत सॉफ्टबॉल होतं हे इथल्या गुजराती-तेलुगू मित्रांना सांगितलं तर खरं वाटत नाही, पण जळगाव-अमरावती पट्ट्यात हा खेळ नीट रुजलेला आहे, शालेय स्पर्धांमध्ये आहे, आणि ताई राज्य पातळीपर्यंत खेळली. दहावीला तिला खेळाचे ग्रेस मार्क मिळाले. सर्टिफिकेटं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून ठेवलेली, ती अमेरिकेत सुद्धा बरोबर आली. तिच्या डोक्यात खेळाचा हिशोब असा, की तू खेळलीस, सर्टिफिकेट मिळालं, आता ते कागद योग्य खिडकीवर दाखवायचे आणि पुढचं काम होतं. महाराष्ट्रात ते चूकही नाही, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे आणि ते कागदावरच मिळतं. पण त्यामुळे भाची आठ वर्षांची असताना रेक लीगमध्ये (गावातली हौशी लीग) गेली तेव्हापासून प्रत्येक मेडल, प्रत्येक टीमफोटो, प्रत्येक ऑल-टूर्नामेंटचा कागद ताईने जपला, आणि वेळ आली तेव्हा त्यातल्या एकाचाही उपयोग झाला नाही.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी: नावावर जाऊ नका, बॉल सॉफ्ट बिलकुल नाही. परीघ १२ इंच, पिवळाधम्मक, पिचर ४३ फुटांवरून खालून फेकते, बेस (पळून गाठायचे टप्पे) ६० फुटांवर, सात इनिंग. ताशी ६५ मैलांचा बॉल बॅटरपर्यंत पोचायला चार दशांश सेकंद लागतात, म्हणजे फास्ट बोलरसमोर जेवढा वेळ असतो साधारण तेवढाच, त्याहून थोडा कमीच. भारतातून आलेले आजोबा लोक पहिल्या मॅचला "मुलींचा बेसबॉल" म्हणत येतात आणि दुसऱ्या इनिंगनंतर गप्प बसतात.

आमची भाची स्लॅपर आहे आणि हे समजून घेतलं तरच पुढचं कळेल. ती मूळची उजवी. लिहिते उजव्याने, फेकते उजव्याने. पण बारा वर्षांची असताना तिच्या ट्रॅव्हल टीमच्या (ठिकठिकाणी जाऊन टूर्नामेंट खेळणारी क्लब टीम) कोचने तिला पळताना बघितलं आणि बॅटिंगला डावीकडे उभं केलं, कारण डावीकडून पहिला बेस दोन पावलं जवळ पडतो. स्लॅपर बॉलची वाट बघत उभी राहत नाही. पिचरचा हात फिरून खाली यायला लागला की उजवा पाय जरासा मागे, मग डावा पाय त्याच्यावरून क्रॉस, आणि ती बॉक्समध्ये (बॅटरने उभं राहायचा आखलेला चौकोन) असतानाच पळायला लागलेली असते. त्या पळण्यात बॅट नुसती बॉलच्या वरच्या अर्ध्यावर लावायची, बॉल टणटण करत शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली फील्डर). कॉन्टॅक्टच्या वेळी पाय पूर्ण बॉक्सच्या बाहेर टेकला तर आउट, त्यामुळे ती शेवटची चार इंचं फार महत्त्वाची, भाची गॅरेजमध्ये फरशीवर निळी टेप लावून तासन्‌तास तेवढीच पावलं टाकायची, बॉल नाही, बॅट नाही, नुसती पावलं. खालच्या मजल्यावर कुकरच्या शिट्ट्या आणि गॅरेजमधून चप-चप-चप. शॉर्टस्टॉपने बॉल उचलून फेकेपर्यंत तिच्या हातात तीन सेकंदसुद्धा नसतात, कारण भाची तेवढ्यात पहिल्या बेसवर.

तर हा जो तीन सेकंदांच्या आतला आकडा आहे, होम टू फर्स्ट, तोच स्लॅपरचा बायोडाटा. आणि तिथेच मी पहिली माती खाल्ली. मी मोबाइलच्या स्टॉपवॉचवर टाइम घ्यायचो आणि माझ्या अंगठ्याने तो २.७ यायचा. आनंदच आनंद, कारण २.७ म्हणजे फारच भारी. हा आकडा आम्ही पन्नास कॉलेजांना ईमेलमध्ये लिहून पाठवला. मग एका डिव्हिजन वन कॉलेजच्या कॅम्पला लेझर लावून टाइम घेतला, तर २.९४. तिथल्या असिस्टंट कोचने काही बोलून दाखवलं नाही, नुसतं कागदावर लिहिलं आणि पुढच्या मुलीला बोलावलं. घरी येताना गाडीत भाची एवढंच म्हणाली, "मामा, तुझा अंगठा माझ्यापेक्षा फास्ट आहे." मला आजही ते आठवलं की कानशिलं गरम होतात. कोच लोकांना हाताने घेतलेला टाइम कमी येतो हे माहीत असतं, ते मनातल्या मनात दीड-दोन दशांश वाढवूनच वाचतात, पण एवढी तफावत दिसली की बाकीच्या मेलवरचा विश्वास पण जातो.

कॅम्पचा विषय निघालाच आहे तर दुसरी चूक. नववी-दहावीत भाचीला कॉलेजांच्या मेल यायच्या, तिचं नाव घालून, "आम्हाला तुला आमच्या कॅम्पला बघायला आवडेल." ताईने तर त्यातली एक प्रिंट काढून फ्रीजवर लावली. आम्हाला वाटलं निवड झाली. खरं तर तो मास मेल, एक सप्टेंबरच्या आधी कोचला मुलीशी रिक्रूटिंगचं बोलता येत नाही पण कॅम्पची माहिती पाठवता येते, आणि कॅम्पची फी दीड-दोनशे डॉलर, दीडशे मुली येतात, गुणाकार करून बघा. कॅम्प वाईट असतात असं नाही, कोचला तुम्ही जवळून दिसता, पण आमंत्रण म्हणजे पसंती नव्हे. आम्ही एका वर्षात सहा कॅम्प केले, त्यातल्या चार कॉलेजांच्या टीमला भाचीच्या वर्षाची आउटफील्डरच (मागे लांब उभी राहणारी फील्डर, भाची तीच) नको होती, हे त्यांच्या वेबसाइटवरचं रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी, पाच मिनिटं वाचलं असतं तरी कळलं असतं. कोण कुठल्या वर्षाला आहे, कोण ग्रॅज्युएट होऊन जाणार, कुठली जागा रिकामी होणार, सगळं तिथे लिहिलेलं असतं. मी आयटीत डेटाचं काम करतो म्हणून पगार घेतो आणि हे मला सुचलं नाही.

तिसरी चूक दाजींची. सगळ्या मेल दाजी लिहायचे. "रिस्पेक्टेड सर" पासून सुरुवात, मग मेडलची यादी, मग जीपीए (शाळेतल्या मार्कांची सरासरी), मग आमची मुलगी लहानपणापासून किती मेहनती आहे. कोच बहुतेक ठिकाणी बाई, त्यामुळे "सर" इथेच गाडी पंक्चर. आणि मुलीऐवजी बाप लिहितोय हे पहिल्या ओळीत कळतं, म्हणजे चार वर्षं हा माणूस आपल्याला त्रास देणार हे कोच समजून जातो.

आता जरा आकड्यांकडे येऊ, कारण आकडे कळले असते तर ती पेढ्यांची रात्र झालीच नसती. अमेरिकेत हायस्कूलला सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुली साडेतीन लाखांच्या आसपास. एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना, तिच्या तिन्ही डिव्हिजन मिळून कॉलेजात खेळतात त्या वीस-एकवीस हजार. शंभरात पाच-सहा. डिव्हिजन वनमध्ये जाणाऱ्या शंभरात जेमतेम दोन. कॉलेजांनी मुलींच्या खेळाला एवढी जागा ठेवली तीच मुळात १९७२ च्या टायटल नाइन कायद्यामुळे, सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलामुलींत भेद करता येत नाही, म्हणून मुलांचा बेसबॉल आहे तिथे मुलींचा सॉफ्टबॉल असतो बहुतेक. तो कायदा नसता तर हा लेखच नसता.

आणि स्कॉलरशिप. आपल्याकडे ऐकीव माहिती अशी की खेळात सिलेक्ट झालं की कॉलेज फुकट. सॉफ्टबॉलला डिव्हिजन वनमध्ये २०२४-२५ पर्यंत एका टीमला जास्तीत जास्त १२ पूर्ण स्कॉलरशिप, आणि त्या कोचने वाटून द्यायच्या, टीममध्ये मुली वीस ते पंचवीस. म्हणजे सरासरी अर्धी. पण सरासरीने कोण देतं, पिचरला पूर्ण, शॉर्टस्टॉपला सत्तर टक्के, आणि स्लॅपरला पुस्तकांचे पैसे. डिव्हिजन टू ला ७.२ स्कॉलरशिप. डिव्हिजन थ्री ला खेळाची एक पैसुद्धा नाही, तिथे अभ्यासावरची मेरिट मदत किंवा घरच्या उत्पन्नावरची मदत, बस. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत पण खेळाची स्कॉलरशिप नाही, पण तिथली फी इतकी कमी की तो रस्ता हिणवू नका, दोन वर्षं खेळून पुढे जाणाऱ्या मुली भरपूर. पिचरची गोष्टच वेगळी, ते मान्यच करायला हवं. २०२४ मध्ये नायजेरी कॅनडी स्टॅनफर्ड सोडून टेक्सस टेकला गेली तेव्हा तिचा एका वर्षाचा करार दहा लाख डॉलरच्या वर होता. ही बातमी दाजींनी व्हॉट्सअ‍ॅपवर चार ग्रुपमध्ये टाकली, खाली लिहिलं "सॉफ्टबॉल". आमच्या घरी पिचर कोणीच नव्हतं हे त्या उत्साहात राहिलं.

त्यात ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू बघणाऱ्या खेळाडूंची यादी. पूर्वी कॉलेज बदललं तर एक वर्ष बाहेर बसावं लागायचं, ते २०२१ पासून एकदा माफ झालं आणि २०२४ पासून कितीही वेळा. मग कोचच्या जागेवर बसून विचार करा, एकीकडे १७ वर्षांची मुलगी, मामाच्या अंगठ्याचा टाइम घेऊन आलेली, दुसरीकडे २० वर्षांची, कॉलेजात दोन सीझन खेळून .३२० च्या बॅटिंग सरासरीने मारलेली. कोणाला घ्याल?

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२४ घरात सुतकासारखं होतं. भाची सरावाला जायची, यायची, बोलायची नाही. ताई म्हणायची नशिबात नाही. दाजी एका रिक्रूटिंग सर्व्हिसला तीन हजार डॉलर द्यायला निघाले होते, प्रोफाइल बनवून शेकडो कोचना पाठवतात ते लोक. मी म्हटलं थांबा, आधी तिच्या ट्रॅव्हल कोचला विचारू. हा माणूस कमी बोलणारा, पिकअप ट्रकच्या मागच्या फळीवर बसून सूर्यफुलाच्या बिया चघळत त्याने आमचं सगळं ऐकलं आणि एकच काम सांगितलं: फेब्रुवारी ते एप्रिल तीन मॅच बघा, एक डिव्हिजन वनची, एक टू ची, एक थ्री ची, आणि मुलीला सांगा की मॅच बघायची नाही, फक्त सेंटर फील्डर आणि स्लॅपर बघायच्या.

तिन्ही बघितल्या, मी ड्रायव्हर. डिव्हिजन वनच्या मॅचला भाची गप्प होती. तिथे स्लॅपर आली की कॉर्नरच्या दोघी (पहिल्या आणि तिसऱ्या बेसवरच्या) एवढ्या पुढे येऊन उभ्या राहायच्या की बंटला (बॅट नुसती लावून बॉल जवळच टाकणं) जागाच नाही, आणि शॉर्टस्टॉपचा थ्रो बघून तिने माझ्याकडे बघितलं. तिथल्या स्लॅपर पळायच्या तर होत्याच पण वेळ आली की पूर्ण स्विंग करून कुंपणापर्यंत मारत पण होत्या. डिव्हिजन टू ला ती म्हणाली, "मी बेंचवर असेन पहिली दोन वर्षं." डिव्हिजन थ्री चा शनिवारचा डबलहेडर, प्रेक्षक म्हणजे पालक आणि दोन कुत्री, डगआउटमधून (टीम बसते ती जागा) मुलींची गाणी चालू, आणि तिसऱ्या इनिंगला भाचीने वही काढली. खरा स्टॉपवॉच होता तिच्याकडे, कोचने दिलेला. चार स्लॅपरचे टाइम लिहिले आणि वही माझ्यापुढे सरकवली. दोघी तिच्यापेक्षा स्लो होत्या. "इथे मी पहिल्या वर्षी खेळेन." मग जरा थांबून, "आणि इथे कोणीतरी माझी वाट बघत असेल."

मला तेव्हा लख्ख कळलं की आमचं गणितच उलटं होतं. आम्ही याला बारावीच्या मेरिट लिस्टसारखं समजत होतो, म्हणजे मुलगी किती हुशार, रँक किती, वरून कितवी. हे प्रकरण मेरिट लिस्टचं नाहीच, हे स्थळ बघण्याचं आहे. त्यांच्या घरी जागा आहे का, त्यांना हवी तशी मुलगी आहे का, आपल्या मुलीला तिथे राहवेल का, देण्याघेण्याचं काय, आणि नकार आला तर मुलीत खोट आहे असं नव्हे, त्यांना या वर्षी करायचंच नव्हतं. हे ताईला सांगितल्यावर तिला एका मिनिटात पटलं, दीड वर्ष एक्सेल दाखवून जे जमलं नव्हतं ते. तिने लगेच विचारलं, "मग आपण अशी किती घरं बघायची?"

तीस काढली. डिव्हिजन थ्री ची अठरा, टू ची आठ, वन ची चार. प्रत्येकाचं रोस्टर वाचून, २०२६ ला कुठली आउटफील्डर जाणार ते बघून. आणि मेल भाचीने स्वतः लिहिली. विषयाच्या ओळीत: २०२६ (हायस्कूल संपायचं वर्ष), सेंटर फील्ड, डावी बॅट उजवा थ्रो, जीपीए ३.९, आणि येत्या शनिवारी कुठल्या मैदानावर किती वाजता. मजकूर सहा ओळी. लेझरचा टाइम २.८८ (तोवर कमी केला होता, त्या निळ्या टेपच्या जिवावर), कोणी घेतला तेही लिहिलं. दोन मिनिटांचा व्हिडिओ, सुरुवातीला गाणं-बिणं नाही, सरळ स्लॅप, बंट, पूर्ण स्विंग, आउटफील्डमधून थ्रो. आणि एक वाक्य त्या कॉलेजबद्दल जे दुसऱ्या कॉलेजला पाठवताच येणार नाही. मेडल एकही नाही. ताईने वाचून एवढंच विचारलं, "स्टेट कपचं पण नाही?" नाही.

तीसमधून अकरा उत्तरं आली. त्यातली तीन पुढे सरकली.

पहिलं, मिडवेस्टमधलं एक डिव्हिजन वन कॉलेज, मोठं नाव नाही, पण डिव्हिजन वन. पैसे शून्य, वॉक-ऑन म्हणून ये, जागा आहे. दाजींना हे फार आवडलं होतं, सांगायला बरं. मग ६ जून २०२५ उजाडला. संध्याकाळी आम्ही सगळे टीव्हीसमोर, ओक्लाहोमा सिटीला वुमेन्स कॉलेज वर्ल्ड सिरीजच्या (कॉलेज सॉफ्टबॉलची राष्ट्रीय स्पर्धा) फायनलची तिसरी मॅच, टेक्सस विरुद्ध टेक्सस टेक, कॅनडीला पहिल्याच इनिंगला पाच रन पडले, तिला काढलं, आणि टेक्ससने १०-४ ने पहिलं विजेतेपद घेतलं. त्याच दिवशी कोर्टाने हाउस खटल्याची (कॉलेज खेळाडूंना पैसे मिळावेत म्हणून एनसीएएविरुद्धचा) तडजोड मंजूर केली. आम्ही मॅच बघत होतो आणि भाचीची एक जागा तिकडे गेली. कारण त्या तडजोडीत स्कॉलरशिपची मर्यादा काढली पण त्या बदल्यात टीमच्या संख्येवर मर्यादा घातली, सॉफ्टबॉलला २५. स्कॉलरशिप कितीही द्या म्हटल्यावर सगळ्यांना मिळेल असं वाटतं, पण छोट्या कॉलेजकडे पैसे आहेतच कुठे, त्यांना एवढंच कळलं की २६ वी मुलगी ठेवता येणार नाही. महिनाअखेर मेल आली, फार सभ्य मेल होती, २०२६ ला वॉक-ऑन घेत नाही.

दुसरं, आपल्याच राज्यातलं डिव्हिजन टू, कॅल स्टेट सिस्टिममधलं (राज्याच्या सरकारी विद्यापीठांपैकी). वर्षाला २,५०० डॉलर खेळाचे, राज्यातली फी मुळातच कमी, पैशाच्या हिशोबात हे सगळ्यात स्वस्त, आणि कोच पण सरळ बाई, तिने सांगितलं पहिली दोन वर्षं पिंच रनर (दुसरीच्या बदली नुसती बेसवर पळणारी) म्हणून धर. इथे एक भीती होती. जानेवारी २०२५ मध्ये सोनोमा स्टेटने बजेटच्या तुटीमुळे आपले सगळे, हो सगळेच्या सगळे, खेळ बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं. सॉफ्टबॉल पण त्यात. आमच्या ओळखीतल्या मुलींच्या मोठ्या बहिणी अचानक पोर्टलमध्ये. तेव्हापासून ट्रॅव्हल कोच प्रत्येक मुलीला विचारायचा की उद्या तुझा गुडघा गेला किंवा टीमच बंद झाली, तर या कॉलेजात राहशील का? भाचीने या कॉलेजबद्दल खरं उत्तर दिलं, नाही.

तिसरं ऑरेगनमधलं छोटं खासगी कॉलेज, डिव्हिजन थ्री, कोणी नाव ऐकलेलं नाही. मी पण नव्हतं. कोचने मेलला दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं आणि जूनमध्ये कोलोराडोच्या टूर्नामेंटला स्वतः येऊन बसली, घडीची खुर्ची घेऊन, तीन मॅच. पहिल्या मॅचला भाची तीनदा आउट झाली. म्हटलं गेलं हे पण. नंतर कळलं की त्या कोचने वहीत लिहून ठेवलं होतं की तिसऱ्यांदा आउट झाल्यावर ही मुलगी डगआउटमध्ये जाऊन पुढच्या बॅटरला पिचरबद्दल काहीतरी सांगत होती. हे कोचनेच नंतर भाचीला सांगितलं. मॅच कोण बघतं आणि काय बघतं याचा आपल्याला पत्ता नसतो.

जुलैत प्री-रीड झालं. हा प्रकार आपल्या लोकांना माहीत नसतो म्हणून सांगतो. डिव्हिजन थ्री मध्ये कोच पैसे देऊ शकत नाही, पण बारावी सुरू व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात तुमचे मार्क, विषयांची यादी अ‍ॅडमिशन ऑफिसकडे पाठवून अंदाज घेऊ शकतो की ही मुलगी बसेल का आणि मेरिट किती मिळेल. उत्तर आलं, बसेल, मेरिट वर्षाला अंदाजे ३० हजार. एकूण खर्च वर्षाला ७० हजार, उरले ४०. दाजींनी लगेच कागदावर लिहिलं, राज्यातली यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) हॉस्टेलसकट ४०-४५. म्हणजे पैसे जवळपास सारखेच. गंमत अशी की खेळाचा एक डॉलरही न देणाऱ्या ठिकाणी खेळाची स्कॉलरशिप देणाऱ्यापेक्षा बारा पट मदत मिळाली, आणि ती दहावी-अकरावीच्या केमिस्ट्रीमुळे.

इथे घरात खरी जुंपली. दाजींचं म्हणणं, पैसे सारखे असतील तर यूसी, नाव आहे, पुढे किनिसिऑलॉजी (शरीराच्या हालचालींचं शास्त्र) करो नाहीतर फिजिओथेरपी, सॉफ्टबॉल चार वर्षांत संपणार. त्यांचं म्हणणं मला आजही पूर्ण चूक वाटत नाही. ताई गप्प होती. शेवटी भाचीच म्हणाली, "बाबा, यूसीत मी सॉफ्टबॉल खेळणार नाही, मग पाचची मी कोण?" आम्हाला कळलं नाही. तिने समजावलं, संध्याकाळी पाचला ती रोज मैदानावर असते, वयाच्या आठव्या वर्षापासून, त्या वेळेला ती काय करणार. दाजी उठून गच्चीवर गेले. अर्ध्या तासाने आले आणि म्हणाले, यूसीचा फॉर्म तरी भर. भरला तिने.

आणि हो, डिव्हिजन थ्री म्हणजे टाइमपास असं समजू नका, तिथे सुद्धा सीझनला ४० मॅच असतात, डिव्हिजन वन-टू ला ५६. पण लॅबच्या दिवशी सराव उशिरा सुरू करतात त्या कोच, हे भाचीने कॉलेजला राहायला गेली तेव्हा तिथल्या मुलींना विचारून खात्री केली, कोचला नव्हे. हे तिचं तिनेच ठरवलं होतं, मला कौतुक वाटलं.

ऑक्टोबरला त्या भेटीवरून आली आणि कोचला होकार कळवला. कागदावर अजून काही नव्हतं, डिव्हिजन थ्री ला सहीचं बंधन नसतंच, आणि बाकीच्यांचं ते जुनं नॅशनल लेटर ऑफ इंटेंट (कॉलेजला बांधून घेणारा करार) पण २०२४ मध्ये बंद झालं. नोव्हेंबरमध्ये अर्ज, डिसेंबरच्या मध्याला पत्र आलं. मेरिट ३१ हजार. ताईने पत्राची प्रिंट काढली, जळगावच्या फोल्डरमध्ये, स्वतःच्या राज्य स्पर्धेच्या सर्टिफिकेटच्या मागे घातली. मी काही बोललो नाही.

एकूण हिशोब विचारणाऱ्यांसाठी: आमच्या घरी ट्रॅव्हल टीमची फी, विमानं, हॉटेलं, कॅम्प, बॅट धरून वर्षाला नऊ-दहा हजार डॉलर गेले, सहा वर्षं. एका बॅटचेच चारशे, आणि ती थंडीत तडकते. स्कॉलरशिपमधून वसूल होईल म्हणून हे करत असाल तर करू नका, तेवढे पैसे बाजूला ठेवले असते तर कॉलेजचं दीड वर्ष निघालं असतं. दाजींनी हे एकदा मोठ्याने म्हटलं आणि ताईने त्यांना विचारलं की तुमच्या गोल्फचं काय निघालं.

काल रात्री साडेनऊला मी त्यांच्याकडे भाजणीचं पीठ द्यायला गेलो, तर गॅरेजचा दिवा चालू. कोचने थंडीतल्या व्यायामाचा तक्ता पाठवलाय आणि शेवटी एक ओळ, सेंटर फील्डला आधीच तिघी आहेत. निळी टेप नवीन लावली होती. मी स्टॉपवॉच उचलला तर म्हणाली, "मामा, ठेव तो खाली," आणि फोन तिकाटण्यावर लावून स्वतःचा व्हिडिओ सुरू केला.